आधी कोरोलाची वेळ घे

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ड्रॅग रेसिंग, म्हणजे दोन गाड्यांनी सरळ पट्टीवर ठरलेलं अंतर पळायची शर्यत, सुरू करायचंय, कुणाच्या तरी ओळखीतून वापरलेली मस्टँग स्वस्तात मिळतेय, घेऊ का, असं विचारलंयस. घेऊ नकोस. गाडी झकास असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुझ्याकडे जी जुनी ऑटोमॅटिक कोरोला आहे, तिच्यावर हा खेळ पहिल्या वर्षी जेवढा शिकता येईल तेवढा मस्टँगवर येणार नाही. थट्टा करत नाहीये, खाली सविस्तर लिहितो.

तू व्हिडिओत पाहतोस ते टॉप फ्युएल, या खेळातला सगळ्यात वेगवान वर्ग. नायट्रोमिथेन या खास इंधनावर चालणारं, अकरा हजार हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन. पूर्वी त्या गाड्याही पाव मैल, म्हणजे 1320 फूट पळायच्या. 2008 मध्ये स्कॉट कालिटा या रेसरचा शर्यतीत अपघाती मृत्यू झाल्यावर त्यांच्यासाठी अंतर 1000 फूट केलं. आयुष्यात एकदा जाऊन बघ, कानात बोळे घालून. मात्र तो मोठ्या पैशाचा मामला आहे, तुझ्यामाझ्या हातात तिथे फक्त तिकीट येतं. मी ज्याच्या नादी लागलो ते वेगळंच. गावाबाहेर, मक्याच्या शेतांना लागून डांबराची एक सरळ पट्टी. बाजूला पिकअप ट्रक, घडीच्या खुर्च्या, आणि नातवाला पाना धरायला लावणारे आजोबा. गेटवर पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची आणि रांगेत लागायचं. काही ठिकाणी पाव मैल, काही ठिकाणी त्याच्याही अर्धं, 660 फूट. अशा आडगावच्या पट्ट्या मिशिगनमध्ये आणि शेजारच्या ओहायोत अजून तग धरून आहेत.

या खेळाचा जन्मच मुळी पोरांना रस्त्यावरून उठवण्यासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या खोलून-जोडून पळवणाऱ्या पोरांचा सुळसुळाट झाला होता. सरळ, रिकामा रस्ता मिळण्याची जागा म्हणजे विमानांची धावपट्टी. 1950 मध्ये सांता आना इथल्या धावपट्टीवर दर रविवारी रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सने एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना काढली. 1953 ला कॅलिफोर्नियातल्याच पोमोनात तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही तिथल्या पोलिसांच्या पाठबळावर! त्यानंतर तिची माणसं स्टेशन वॅगनला ट्रेलर जोडून, त्यात घड्याळं घालून गावोगाव फिरली आणि पट्टी कशी चालवायची ते लोकांना शिकवत गेली. तुझे मित्र रात्री फ्रीवेवर ‘मजा’ करायला बोलावतात ना, त्यांना हे सांग. आणि तू जाऊ नकोस. इथे तो गुन्हा आहे आणि तू स्टुडंट व्हिसावर आहेस. यापुढे मला काही लिहायला लावू नकोस.

आता कोरोला. ती पाव मैल सतरा सेकंदांच्या आसपास जाईल. शेजारच्या लेनमध्ये बारा सेकंदांची कॅमेरो उभी राहिली तर तुझं काय होणार? तर तू जिंकू शकतोस, अगदी रीतसर. याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात आणि माझ्या मते मोटारींच्या खेळांतला हा सगळ्यात हुशार नियम आहे. आपली गाडी किती वेळात जाईल ते तू आधीच काचेवर पांढऱ्या शू पॉलिशने लिहायचंस. तो आकडा म्हणजे डायल-इन. समज, तू लिहिलंस 17.20, त्याने 11.90. मग तुझा हिरवा दिवा 5.30 सेकंद आधी लागतो. तू निघतोस, तो तिथेच गुरगुरत उभा. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलास तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. त्यामुळे खोटं सांगून सवलत लाटता येत नाही, आणि नुसत्या पैशाने वेग विकत घेऊनही भागत नाही.

दिव्यांचा तो खांब, ख्रिसमस ट्री, 1963 पासूनचा. त्याआधी झेंडेवाला मध्ये उभा राहून उडी मारत झेंडा फिरवायचा. ब्रॅकेटला तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, पुढच्या अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरवा दिसेपर्यंत थांबलास तर उशीर झालाच म्हणून समज. शेवटचा पिवळा पेटला की ब्रेकवरचा पाय सोडायचा, आणि आपली गाडी हलायला किती वेळ घेते हे ओळखून. घाई केलीस तर लाल, म्हणजे बाद.

पळून झालं की परतीच्या रस्त्यावर एक टपरीवजा खोली असते. खिडकीतून हात येतो आणि किराणा दुकानाच्या बिलाएवढा कागद देतो. ही टाइम स्लिप फेकू नकोस. सगळ्यात वर तुझा रिअॅक्शन टाइम, म्हणजे हिरवा लागल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ. खाली पहिल्या 60 फुटांची वेळ, मग 330, 660, 1000 आणि 1320 फुटांची. पोरं उडी मारून शेवटच्या आकड्यावर जातात; तू 60 फुटांपासून वाचायला लाग. तिथे वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी त्याहून जास्त देऊन जातो. आणखी एक गोष्ट, जी नवख्यांना हमखास चकवते: गाडीच्या पळण्याची वेळ हिरव्या दिव्यापासून मोजत नाहीत, तुझं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यापासून मोजतात. झोपा काढत निघालास तरी 17.20 येईल, आणि शर्यत मात्र हरशील.

मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. तुझा रिअॅक्शन टाइम 0.110, पळालास 17.24, म्हणजे लिहिल्यापेक्षा 0.04 जास्त. एकूण 0.150. कॅमेरोवाल्याचा रिअॅक्शन टाइम 0.190, पळाला 11.93, एकूण 0.220. तू 0.070 सेकंदांनी जिंकलास. त्याने इंजिनावर किती हजार डॉलर घातलेत हे गणितात कुठेच आलं नाही.

तू मंचरचा, तुला हे लवकर कळायला हवं. आपल्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्याची बारी सुटते तेव्हाही निवाडा सेकंदाचं घड्याळच करतं, आणि बैल ओळखणारा माणूस पाहणाऱ्यांच्या गर्दीत सहज कळतो.

म्हणून वही ठेव. दर खेपेला हवेचं तापमान, टायरचा दाब, टाकीत पेट्रोल किती, हे लिही. दुपारी तापलेल्या हवेत 17.40 गेलेली गाडी संध्याकाळी गारवा आल्यावर काहीही न करता 17.20 जाते, कारण गार हवा दाट असते आणि इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. ज्याला हे ठाऊक नसतं तो रात्री ब्रेकआउट होतो आणि दिव्याला शिव्या घालतो.

इंजिनिअर म्हणून तुला एक किस्सा सांगतो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला इथेच डेट्रॉइटमध्ये क्रायस्लरच्या तरुण इंजिनिअरांनी ‘रॅमचार्जर्स’ नावाचा क्लब काढला होता. नोकरी सांभाळून, हौसेखातर. त्यांनी 1949 ची एक टाकाऊ प्लिमथ कूप घेतली आणि तिच्यावर बॉनेटमधून वर आलेला, रबरी होजने जोडलेला उंचच उंच इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, चढवला. हवेच्या लाटा सिलिंडरमध्ये नेमक्या वेळी कशा पोचवायच्या याचा तो प्रयोग. गाडी इतकी विचित्र दिसायची की लोक हसत. 1959 मध्ये डेट्रॉइट ड्रॅगवेवर झालेल्या नॅशनल्समध्ये, म्हणजे एनएचआरएच्या राष्ट्रीय स्पर्धेत, तिने हसणाऱ्यांना गप्प केलं. हातातलं सामान वापरून डोकं चालवायची ही सवय मला मस्टँगच्या हप्त्यांपेक्षा मोलाची वाटते.

पहिल्यांदा येताना शर्यतीच्या दिवशी नको, ‘टेस्ट अँड ट्यून’च्या संध्याकाळी ये. तिथे हारजीत नसते. डिकी आणि सीटखालचं सगळं सामान घरी काढून ठेव, चाकांचे नट आवळ, बॅटरी हलत नाही ना ते बघ. हेल्मेट आण, एनएचआरएच्या नियमाने 13.99 किंवा त्याहून कमी वेळ असेल तर ते लागतंच. फुल पँट, बंद बूट. एसी बंद ठेव, नाहीतर त्याचं पाणी सुरुवातीच्या रेषेवर ठिबकतं आणि मागचे सगळे तुझ्या नावाने खडे फोडतात. सुरुवातीच्या रेषेआधी असलेल्या पाण्याच्या डबक्यात गाडी घालू नकोस, वळसा घालून जा. ते बर्नआउट करणाऱ्यांच्या, म्हणजे चाकं जागीच फिरवून टायर तापवणाऱ्यांच्या, चिकट टायरांसाठी आहे. तुझे खाचांचे टायर ते पाणी उचलून थेट रेषेवर आणतील. तुझ्या गाडीच्या विम्यात यातलं काही बसत नाही असंच धरून चाल.

पुढेमागे परत गेलास तर लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर असले मेळावे झालेत, आणि मोटरसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर झालेली आहे. तिथेही अंतर तेच पाव मैल, म्हणजे 402 मीटर.

शुक्रवारी संध्याकाळी मोकळा असशील तर कळव. काकू थालीपीठं बांधून देणार आहे, शू पॉलिश माझ्याकडे आहे.

तुझा,
काका

ता. क. मस्टँगवाल्याला अजून ‘हो’ म्हणाला नसशील तर आजच ‘नाही’ सांगून टाक. आगाऊ पैसे दिले असशील तर मला फोन कर, त्याच्याशी मी बोलतो.