लहान मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातलं बोडी हे ओसाड गाव बघायला अर्धा दिवस पुरेल का?

हो, अर्धा दिवस भरपूर झाला. तीन तासांत गाव निवांत फिरून होतं. १८५९ मध्ये इथे सोनं सापडलं, १८८०च्या सुमाराला वस्ती हजारोंच्या घरात गेली आणि सोनं आटल्यावर माणसं पांगली. १९६२ पासून हे राज्य सरकारचं उद्यान आहे. शंभरेक इमारती उरल्यात. उद्यानाचं धोरण मजेशीर आहे: पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही. छप्पर गळलं तर दुरुस्त करतात, आतली धूळ मात्र तशीच! बहुतेक घरं खिडकीला नाक लावूनच बघावी लागतात. दुकानाच्या फळ्यांवर अजून माल आहे, शाळेत बाकं आहेत. मुलांना हेच आवडतं. उन्हाळ्यात गेलात तर सोन्याचा दगड कुटायच्या गिरणीची सफर चुकवू नका, तिकीट वेगळं असतं.

जाण्याआधी एवढं बघा:
- खायला काही मिळत नाही. डबा, पाणी, टोप्या सोबत न्या. सावली जवळपास नाहीच.
- हायवे ३९५ सोडल्यावर शेवटचे तीन मैल कच्चा, खडबडीत रस्ता आहे. गाडी सावकाश हाका.
- खिळा, काचेचा तुकडा, काहीही उचलू नका. मुलांचे खिसे तपासा.

हे सगळं उन्हाळ्यापुरतं. गाव साडेआठ हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होतो. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाकडून टायोगा खिंडीतून येणार असाल तर तीही तेव्हा बंदच.