जानेवारीअखेर ग्वाल्हेरला लग्न, धुक्यात फोटो कसे येतील?

छान येतील, फक्त सकाळवर भिस्त ठेवू नका. धुकं कधी कधी दहा-अकरापर्यंत हटत नाही. जोडीचे फोटो दुपारी तीन ते पाच या वेळात उरका. ऊन तिरपं आणि मऊ असतं. किल्ल्यावर जाणार असाल तर तिथल्या मानमंदिर राजवाड्याची दक्षिणेकडची भिंत बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे तिथल्या निळ्या फरशा मस्त उजळतात. (पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.)

धुक्यातच काढायचे असतील तर फ्लॅश बंद, नाहीतर पांढरे ठिपके येतात. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) वाढवा, कारण धुक्याला कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी येतो.

खरी गंमत गोरज मुहूर्ताला होते. बाहेरच्या थंडीतून हॉलमध्ये शिरलात की लेन्सवर वाफ धरते, आणि अंतरपाट नेमका तेव्हाच खाली येतो! कॅमेरा बंद बॅगेत घालूनच आत न्या, अर्ध्या तासाने काढा. जादा बॅटऱ्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

नवरीची शाल पैठणीला शोभेलशी आत्ताच घ्या. ऐनवेळी मावशी स्वतःचा मरून स्वेटर चढवते तिच्यावर.