कंपनीशिवाय गाणारी

प्रश्न : माझी मुलगी स्वतः गाणी लिहून गिटारवर गाते. मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय कुणाचं नीट चाललंय का हो?

उत्तर : चाललंय की! अमेरिकेतल्या बफेलोची आनी डिफ्रँको ऐकायला सांगा तिला. विशीच्या उंबरठ्यावर असताना, १९९० साली हिनं स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी कंपनी, काढलं, रायचस बेब नावाचं, कार्यक्रम संपला की तिथंच कॅसेट विकायची, पुढं मोठ्या कंपन्या मागं लागल्या तरी हिनं काही सही केली नाही. आवाज असा की कुजबुजता कुजबुजता एकदम काळजालाच हात घालतो. आणि तिची बोटं बघा, खोटी नखं चिकटवून वर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली, कारण तारा छेडते इतक्या जोरात की साधी नखं टिकायचीच नाहीत, त्यातनं गिटारीला जो खटखट ठेका येतो ना, मला तो भयंकर आवडतो. फक्त स्वतःचं लेबल म्हणजे हिशेब, प्रवास, पार्सलं सगळं आपल्याच डोक्यावर. मुलीच्या रेकॉर्डिंगच्या मूळ फाइल्स मात्र आत्तापासून जपून ठेवा, कुणाला देऊन टाकू नका.