तेलपाण्यावाचून हार्डनिंग

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये ईएन ८ पोलादाचे शाफ्ट आणि बिडाचे (कास्ट आयर्नचे) प्रेस डाय तयार होतात. शाफ्ट आम्ही आजवर भट्टीत तापवून तेलात बुडवत आलो. लेसरने हार्डनिंग, म्हणजे पृष्ठभाग कडक, करताना तेल किंवा पाणी काहीच लागत नाही, असे एक पुरवठादार सांगतो. हे कसे शक्य आहे, आणि आमच्या दोन्ही कामांना ही पद्धत चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पुरवठादार सांगतो ते खरे आहे. कडक होण्यासाठी पोलाद आधी ऑस्टेनाइट अवस्थेपर्यंत, म्हणजे कार्बन लोखंडात विरघळेल इतके, तापले पाहिजे आणि मग त्यातील कार्बनला बाहेर पडायला सवड मिळण्याआधीच थंड झाले पाहिजे. भट्टीत संपूर्ण जॉब तापलेला असल्यामुळे त्याची उष्णता काढून घ्यायला तेल लागते. लेसरने मात्र वरचा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा थर तापतो आणि त्याखालचा थंड धातूच ती उष्णता सेकंदाला हजाराहून अधिक अंशांच्या वेगाने ओढून घेतो. काम चालू असताना डायच्या कडेवरून बोटभर रुंदीचा नारिंगी पट्टा संथपणे सरकत जातो आणि त्याच्या मागची जागा लगेच काळवंडते. मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कठीण रचना, तयार होते ती याच वेळी. अर्थात खाली धातू पुरेसा हवा. कडक थराच्या साधारण दहापट जाडी असावी, असा ठोकताळा आहे.

ईएन ८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन असल्यामुळे कठीणपणा ५५ रॉकवेल सी च्या आसपास मिळू शकतो. माइल्ड स्टीलवर मात्र या पद्धतीसाठी पैसे घालवू नयेत, कारण त्यात पुरेसा कार्बनच नसतो. बिडाचे गणित वेगळे आहे. त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटमध्ये अडकलेला असतो आणि तिथून तो पसरायला एवढा थोडा वेळ पुरत नाही, म्हणून बीड पर्लाइटचे (ज्याच्या लोखंडातच कार्बन असतो असे) असेल तर परिणाम चांगला मिळतो, फेराइट (जवळजवळ कार्बन नसलेले लोखंड) जास्त असेल तर तो असमान राहतो. शिवाय बीड सुमारे ११५० अंश सेल्सिअसला वितळू लागते, त्यामुळे पायरोमीटरने तापमान सतत मोजून लेसरची शक्ती आवरणारे यंत्र आहे का, हे आधी विचारावे.

पुरवठादार सहसा सांगत नाहीत अशी अडचण सांध्यांची आहे. रुंद पृष्ठभागावर पट्ट्याला पट्टा जोडून मारला, की दुसऱ्या पट्ट्याच्या उष्णतेने पहिल्याची कड टेंपर होऊन, म्हणजे पुन्हा तापून नरम पडून, तिथे मऊ रेघ राहते. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकात पॉवर स्टीअरिंगच्या मॅलिएबल बिडाच्या हाउसिंगमध्ये झीज होणाऱ्या जागीच सुटे पट्टे मारले, तिथे हा प्रश्नच आला नाही. तुमच्या डायच्या कडा आणि रेडियस हेही तसेच काम आहे. त्यात जॉब फारसा वाकत नसल्यामुळे नंतरचे ग्राइंडिंगही बहुधा वाचते. शाफ्टचा सगळा घेर कडक करायचा असेल, तर माझ्या मते इंडक्शनच (विजेच्या कॉइलने तापवून कडक करणे) बरे आणि बहुधा स्वस्तही. डायसाठी त्याच ओतकामाचा एक तुकडा आधी करून घ्यावा, तो आडवा कापून थराची खोली आणि कठीणपणा तपासावा, आणि मगच ऑर्डर द्यावी.