पत्ता बदलत राहतो, मग संगणकाचे नाव कोणत्या पत्त्याला जोडायचे?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे. सुरुवातीला ठेवलेले नाव मी ‘होस्टनेमसीटीएल’ कमांडने बदलून ‘सह्याद्री’ केले. तेव्हापासून ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) वापरताना दर वेळी हे होस्टनेम, म्हणजे संगणकाचे नाव, सापडत नसल्याची सूचना येऊ लागली. म्हणून नावे आणि पत्ते यांच्या जोड्या ठेवणाऱ्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये नव्या नावासाठी त्या वेळचा नेटवर्कवरचा आयपी पत्ता, १९२.१६८.१.३४, लिहिला. सूचना थांबली, पण राउटरने वेगळा पत्ता दिला की लॅपटॉपवरचाच वेब सर्व्हर नावाने उघडत नाही. फाइल सारखी बदलत राहायची का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. राउटरकडून मिळालेला पत्ता त्या फाइलमध्ये लिहायचाच नसतो, कारण डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेने) तो केवळ ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो आणि दुसऱ्या वायफायवर गेलात की तो निरुपयोगी ठरतो. होस्टनेम मात्र संगणक स्वतःजवळ, ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘होस्टनेम’ फाइलमध्ये ठेवतो. आपण वापरलेली कमांड ही फाइल बदलते, परंतु शेजारच्या ‘होस्ट्स’ फाइलला हात लावत नाही. ‘सुडो’ची तक्रार होती ती एवढ्यासाठीच.

आता ‘होस्ट्स’ फाइल उघडून नीट पाहा. १२७.०.०.१ आणि ‘लोकलहोस्ट’ या ओळीखाली १२७.०.१.१ अशी आणखी एक ओळ असेल आणि तीत बहुधा आपले जुने नाव अजून तसेच असेल. कायमचा आयपी पत्ता नसलेल्या संगणकासाठी ही ओळ डेबियनचा इन्स्टॉलर स्वतःच लिहून ठेवतो. १२७ने सुरू होणारे सगळे पत्ते संगणकाच्या आतल्या आतच फिरतात, त्यामुळे बाहेरचे नेटवर्क कोणतेही असो, किंवा नसो, या ओळीला धक्का लागत नाही. तेथील जुन्या नावाच्या जागी नवे नाव लिहा, १९२ची ओळ काढून टाका आणि १२७.०.०.१ ‘लोकलहोस्ट’कडेच राहू द्या. एवढे करूनही वेब सर्व्हर उघडला नाही, तर तो फक्त १२७.०.०.१ वर किंवा फक्त जुन्या आयपीवर ऐकत (म्हणजे विनंत्या स्वीकारत) बसला आहे का, हे त्याच्या सेटिंगमध्ये तपासावे.

घरातल्या दुसऱ्या संगणकाने आपला लॅपटॉप नावाने शोधावा अशी इच्छा असेल, तर मात्र या फाइलचा काही उपयोग नाही. ती वाचतो तो फक्त आपला संगणक. त्यासाठी राउटरमध्ये लॅपटॉपच्या मॅक पत्त्यापुढे (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकापुढे) एक आयपी राखून ठेवता येतो, पण ती सोय त्या एका घरापुरतीच. सोबत फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी मला ‘अवाही’ अधिक सोयीचे वाटते. ही सेवा चालू असली की त्याच स्थानिक नेटवर्कवरील इतर संगणकांना, त्यांच्याकडेही तशी सोय असल्यास, ‘सह्याद्री डॉट लोकल’ या नावाने आपला लॅपटॉप सापडतो, मग त्या दिवशीचा पत्ता कोणताही असो.

डीएचसीपी सर्व्हर पत्त्याबरोबर नावही सुचवू शकतो, हे वाचून काही जण धास्तावतात. आपण स्वतः कायमचे होस्टनेम ठरवलेले असेल, तर सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सांभाळणारी व्यवस्था) साधारणपणे त्यालाच मान देते. बाहेरून आलेले नाव लागू होते ते कायमच्या नावाची जागा रिकामी असेल किंवा तेथे नुसते ‘लोकलहोस्ट’ असेल तेव्हा. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर मात्र ‘क्लाउड-इनिट’ हा सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम रीबूटनंतर जुने नाव परत आणू शकतो; तेथे ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ हे सेटिंग चालू करावे लागते.

नाव इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढ्यांतच बसवा, अंडरस्कोअर टाळा. पुन्हा कधी नाव बदलाल तेव्हा आधी क्रोमियम ब्राउझर बंद करा. त्याच्या प्रोफाइलच्या कुलूप-फाइलमध्ये होस्टनेम नोंदलेले असते आणि जुनी नोंद मागे राहिली, तर हे प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात असल्याचे सांगून तो उघडायलाच नकार देतो.