आधी गाणं विचार

चि.,

काल तुझा फोन ठेवल्यावर मी आधी पोटभर हसलो. "तुमचा आजवरचा प्रवास कसा होता?" असं तू आपल्या सामुदायिक रेडिओवर थेट प्रसारणात विचारलंस आणि पाहुण्या गायिका म्हणाल्या, "बरा झाला. स्वारगेटला बस लगेच मिळाली." तुला वाटतंय त्यांनी तुझी फजिती केली. केलीच. उत्तम केलं.

मग मात्र हसू गेलं. कारण तू रडवेली होतीस आणि वर मलाच विचारत होतीस, "मग त्यांच्या जगण्याबद्दल विचारायचंच नाही का? तसं असेल तर समलिंगी-पारलिंगी कलाकारांचा आपला कार्यक्रम इतरांपेक्षा वेगळा कसा?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. माझी चिडचिड झाली की मी 'बघू, बघू' म्हणतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

त्या बाई चौदा वर्षं ख्याल शिकल्यात. तंबोरा लावताना जोडीच्या तारांवर त्या इतका वेळ थांबल्या की तुझा घड्याळाकडे बघून जीव खालीवर झाला, हे तूच मला सांगितलंस. अगं, मग तेच का नाही विचारलंस? "तुम्ही जोडीवर एवढ्या का थांबलात?" हा प्रश्न तुझ्या डोळ्यांसमोर बसला होता आणि तू कागदात डोकं घालून 'प्रवास' वाचत होतीस. तो कागद फाड. 'संघर्ष' आणि 'स्वीकार' त्याच कागदावर असणार, तेही जाऊ देत.

आधी गाणं विचार. सोळा वर्षं हा कार्यक्रम चालवून मला एवढंच कळलंय आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

हे मला कुणी शिकवलं नाही. फार महागात पडून कळलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल आला, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा. मी हवेत होतो. त्याच आठवड्यात एक मुलगा गायला आला, भावगीतं म्हणायचा, स्वतः चाली बांधायचा. बाहेर चहा पिताना आम्ही सगळं मोकळेपणाने बोललो होतो, त्यामुळे मला वाटलं आत बोलायलाही काही हरकत नसणार. पहिलं गाणं झालं आणि मी माइकवर विचारलं, "घरी माहीत आहे?"

त्याने पेटीच्या भात्यावरचा हात काढला. भाता आपोआप मिटत गेला, त्यातून हवा सुटल्याचा बारीक आवाज प्रसारणात गेला. मग तो म्हणाला, "आता आहे."

पुढचं गाणं त्याने म्हटलं, चांगलंच म्हटलं. नंतर दोन-तीन महिने मी फोन करत राहिलो, मग तो नंबरच लागेनासा झाला. हे मी आजवर तिघांनाच सांगितलंय, तू चौथी.

आपला ट्रान्समीटर १०० वॅटचा आहे. टेकडी आडवी आली नाही तर दहा-बारा किलोमीटर पोहोचतो. लोक म्हणतात, एवढंसं केंद्र, ऐकतंय कोण? मी म्हणतो, एवढंसं आहे म्हणूनच भीती आहे. मोठ्या वाहिनीवर बोललेलं लाखो अनोळखी माणसं ऐकतात. आपल्याकडचं पाहुण्याचा वाणी ऐकतो, मावशी ऐकते, सोसायटीचा सेक्रेटरी ऐकतो. आणि मोठ्या केंद्रांवर थेट बोलणं काही सेकंद मागे धरून ठेवायची सोय असते, तशी आपल्याकडे नाही. तोंडातून गेलं की गेलं. म्हणून पाहुणा आत यायच्या आधी, बाहेरच्या बाकावर, हे पक्कं कर: हवेवर कोणतं नाव घ्यायचं, कुठला भाग किंवा कुठली नोकरी बोलायची नाही, आणि क्रियापद कुठलं. विशारदच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव आहे, मग काय म्हणू, असं तू विचारलंस. 'विशारद आहेत' म्हण. प्रमाणपत्र वाचून दाखवायला तू काय परीक्षा मंडळ आहेस?

क्रियापदाचं सांगतो, कारण त्यात तू दोनदा अडखळलीस. 'मी' म्हटलं तर काहीच कळत नाही, पण पुढे 'गातो' की 'गाते' आलं की आपली मराठी लगेच चुगली करते. 'तुम्ही' मात्र फार सोयीचं आहे. तुम्ही आलात, तुम्ही शिकलात, तुम्ही गायलात, यात काहीच उघडं पडत नाही. फसायला होतं ते ओळख करून देताना, कारण तिथे 'ते आले' किंवा 'त्या आल्या' म्हणावंच लागतं. म्हणून ओळखसुद्धा पाहुण्याशी बोलत बोलतच दे. माझ्याकडे एक जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले, आले होते, मूळचे मिरजेकडचे. एकाच दमात "मी गेलो" आणि "मी तिला म्हणाले" म्हणायचे. आमच्या ध्वनिमुद्रकाला ती चूक वाटली. ती चूक नव्हती, त्यांचं बोलणंच तसं होतं. काही दुरुस्त करायचं नसतं.

त्यांचंच ऐक. काखेत चौंडकं, तारेचं वाद्य. आपल्या माइकला ते झेपेना, काटा सारखा लालमध्ये. शेवटी माइक हातभर मागे नेला आणि थोडा खाली वळवला. तेवढ्यात मी विचारलं, "ही तार कशाची?" बस्स. तार कशाची, ती कातड्याला कशी अडकवतात, ताण कमीजास्त केला की आवाज कसा वाकतो, हे सांगता सांगता ते गुरूवर आले. "ज्या दिवशी गळ्यात मोती बांधले आन् लुगडं नेसवलं, त्याच दिवशी हे हातात दिलं. त्याच्या आधी शिवू द्यायची न्हाय." दहा मिनिटं बोलले. घर, भाऊ, शेताचा वाटा, यल्लम्माच्या सौंदत्तीची पौर्णिमा, सगळं आलं. मी तारेबद्दल विचारलं होतं. किती सांगायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांनी ठरवलं, मी नाही. म्हणून म्हणतो, आधी गाणं विचार. जगणं यायचं असेल तर ते गाण्याच्या मागून येतं. नसेल यायचं तर नको येऊ दे, तुझं काय अडलंय?

आणखी एक. एकदा एका पारलिंगी गायिकेचा यमन झाल्यावर एका आजोबांचा फोन आला. फोन बाहेर आधी कुणीतरी घ्यायचा आणि मगच आत द्यायचा हा नियम त्या दिवशी पाळला गेला नव्हता, मी धास्तावलो. आजोबा म्हणाले, "आवाज गोड आहे, पण समेवर येताना घाई होते." ती बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून म्हणाली, "सर, आज पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक काढली." सगळे तिच्या धाडसाचं कौतुक करायचे. तिचा ताल कुणी ऐकलाच नव्हता.

आता तुझा आक्षेप. तोच मला एका कार्यकर्त्या मैत्रिणीने फार पूर्वी सुनावला होता: "तू गाण्याच्या आडोशाला लपतोस." ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला, तेव्हा केंद्रावरून निरोप आला, सामुदायिक रेडिओवर बातम्या चालत नाहीत, निकालावर एक शब्दही नको. नियम खरा आहे. मी पंचेचाळीस मिनिटं नुसती गाणी लावली आणि सगळ्यांना सांगितलं, गाणंच बोलतं. खरं सांगू? भाचीचं लग्न ठरत होतं. बहिणीने हात जोडले होते. त्या दिवशी मी तत्त्व पाळलं की शेपूट घातलं, हे मला अजून वेगळं काढता येत नाही. पण मी भ्यालो म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही ना? मैत्रीण म्हणते ठरतं. तिला म्हणू दे. ६ सप्टेंबर २०१८ ला, पाच न्यायमूर्तींनी ३७७ चा तो भाग मोडीत काढला तेव्हा, शहरभर माइक पुढे करून 'कसं वाटतंय, कसं वाटतंय' चाललं होतं. मी माझ्या पाहुण्याला पट्टी विचारली, पेटीच्या कुठल्या सुरावर गाणार ते. तो म्हणाला, "काळी दोन, पण आज काळी तीन लावा." म्हणजे नेहमीपेक्षा वर. याहून जास्त काय सांगायचं होतं त्याने?

पट्टीवरून आठवलं. गुरुवारी तुझ्याकडे येणारा पारलिंगी मुलगा दोन वर्षांपूर्वी काळी पाचला गायचा, आता काळी एकला गातो. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली येतो आणि पुन्हा वर जात नाही. मधले कित्येक महिने तो फाटत राहतो, गळ्यात बसलेल्या ताना सापडत नाहीत. (पारलिंगी बायकांचं उलट. गोळ्यांनी आवाज चढत नाही, तो मेहनतीनेच घडवावा लागतो. म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न विचारत सुटू नकोस.) त्याच्यासाठी खरा प्रश्न हा आहे: जुन्या बंदिशी नव्या पट्टीत बसवताना काय सोडावं लागलं? पण यात त्याचं सगळं उघडं होतं, तेव्हा तो बाकावरच विचारून घे. नाही म्हणाला तर तो प्रश्न मेला. 'थोडंसं तरी सांगा ना' असलं लाडिकपण करायचं नाही.

त्याला काळी एक लागेल. संवादिनीवाल्याला आजच कळव, ऐनवेळी सांगितलं की तो तोंड वाकडं करतो. पाणी साधं ठेव, फ्रिजमधलं नको. आणि गाणं संपल्यावर लगेच बोलू नकोस, तुला ती वाईट खोड आहे. तंबोरा पुरता विरू दे.

माझ्या खोलीत आपलं केंद्र लागत नाही, टेकडी आड येते. गुरुवारी साडेसहाला मी गच्चीवर असेन, पाण्याच्या टाकीच्या डाव्या बाजूला. तिथे खरखर कमी असते.

तुझा,
काका