आयपी फोनवर एकाच बाजूचा आवाज येतो, कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो. राउटरमध्ये काय सेटिंग करावं?

तुम्ही लिहिलंय की लहान ऑफिसात आठ आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे) बसवले, सगळे सेवादात्याच्या सर्व्हरवर रजिस्टर झालेले दिसतात, पण कधी समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, कधी साधारण अर्ध्या मिनिटाने कॉल तुटतो, आणि फोन बसवणारा म्हणतो इंटरनेट कनेक्शन बदला. कनेक्शनला इतक्यात हात लावू नका. ही दोन्ही लक्षणं बहुतेक वेळा राउटरची असतात.

कॉलचे दोन भाग असतात. रिंग वाजणं, कॉल उचलणं, ठेवणं ही कामं एसआयपी हा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) करतो, सहसा 5060 पोर्टवरून (पोर्ट म्हणजे डेटा ये-जा करण्याचं क्रमांक दिलेलं दार). आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने, वेगळ्याच पोर्टांवरून येतो-जातो. तुमच्या फोनला 192.168 ने सुरू होणारा आतला पत्ता असतो आणि एसआयपीच्या निरोपात तो हाच पत्ता लिहून देतो: आवाज इथे पाठवा. बाहेरच्या सर्व्हरला या पत्त्यावर पोचताच येत नाही. मग तुमचं बोलणं पलीकडे जातं, पलीकडचं तुमच्यापर्यंत येत नाही.

बहुतेक फोन सेवादात्यांचे सर्व्हर ही अडचण स्वतःच सोडवतात: पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) प्रत्यक्षात ज्या पत्त्यावरून आलं, तिथेच ते उत्तर पाठवतात. घोळ घालतं ते राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे एसआयपीचे निरोप वाचून त्यांत फेरफार करणारं सेटिंग. मदत म्हणून ते निरोपातले पत्ते मध्येच बदलतं आणि बऱ्याच राउटरांत हे काम अर्धवट होतं. अर्ध्या मिनिटाचं कोडंही बऱ्याचदा इथेच सुटतं. कॉल उचलल्यावर उचलणाऱ्या बाजूला ‘एसीके’ ही पोच मिळावी लागते. ती मिळाली नाही, तर एसआयपीच्या नियमाप्रमाणे ती बाजू 32 सेकंद वाट पाहते आणि कॉल सोडून देते. म्हणून पहिलं काम: एसआयपी एएलजी बंद करा, मग राउटर आणि सगळे फोन एकदा बंद करून चालू करा. हा पर्याय राउटरमध्ये दिसतच नसेल, तर फोन सेवादात्याला टीएलएस (निरोप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक, करून पाठवण्याची सोय) मिळेल का विचारा. निरोप एन्क्रिप्ट झाला की एएलजीला तो वाचता येत नाही, म्हणजे बदलताही येत नाही.

इंटरनेट सेवादात्याच्या मोडेमच्या मागे तुमचा स्वतःचा राउटर असेल आणि दोन्ही नॅट (आतल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर) करत असतील, तर मोडेम ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे हे काम फक्त राउटर करेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: कुणी सांगितलं तरी 5060 पोर्ट फोनकडे फॉरवर्ड करू नका, म्हणजे बाहेरून त्यावर येणारं सगळं थेट फोनकडे सोडू नका. उघडे एसआयपी पोर्ट शोधणारे स्कॅनर इंटरनेटवर अखंड फिरत असतात. मग रात्री-अपरात्री फोन वाजतो आणि उचलला तर पलीकडे कुणीच नसतं. रजिस्ट्रेशन फोन स्वतः आतून बाहेर करतो, त्यामुळे फॉरवर्डची गरजच नसते. गरज असते ती वाट उघडी ठेवण्याची. काही राउटर शांत पडलेला यूडीपी मार्ग (एसआयपीचे निरोप सहसा याच मार्गाने जातात) 30 सेकंदांतच विसरतात. मग बाहेर कॉल लागतो, पण आत येणारा कॉल वाजत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला फोन ठरावीक वेळाने पाठवतो तो छोटा निरोप) 20 सेकंदांवर ठेवा.

आता वेगाबद्दल. जी.711 कोडेकच्या (आवाज डेटात बदलण्याची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेला जेमतेम 90 केबीपीएस लागतात. आठही फोन एकदम चालले तरी एक एमबीपीएस पुरतो. आवाज तुटतो तो रांगेमुळे. कुणीतरी मोठी फाइल अपलोड करतो, मोडेममध्ये पॅकेटं तुंबतात आणि आवाजाची पॅकेटं त्यांच्यामागे खोळंबतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीप्रमाणे एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि तुंबलेलं अपलोड तो सहज ओलांडतं. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणता डेटा आधी सोडायचा हे ठरवणारं सेटिंग) डीएससीपी 46 ही आवाजाच्या पॅकेटांवरची खूण असलेला ट्रॅफिक सर्वांत आधी सोडा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर ठेवा. ही मर्यादा घातली नाही तर क्यूओएसचा फारसा उपयोग होत नाही, कारण रांग मोडेममध्येच लागते आणि तिथे तुमचा ताबा नसतो.

फोनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच वायरिंगवर फोनचं स्वतंत्र नेटवर्क) चांगलंच, पण आठ फोनांना ते नंतर केलं तरी चालेल. पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा) आणि राउटर यूपीएसवर घ्या, नाहीतर वीज गेली की फोनही गेले.

सेटिंग एकेक करून बदला. प्रत्येक बदलानंतर दोन्ही दिशांनी मिनिटभरापेक्षा लांब कॉल करून पाहा, एक कॉल मोठी फाइल अपलोड होत असताना करा, आणि फोन अर्धा तास शांत राहिल्यावर बाहेरून एक कॉल लावून बघा. तरीही आवाज एकतर्फीच राहिला, तर बऱ्याच फोनांच्या वेब पानावर पॅकेट कॅप्चरची, म्हणजे ये-जा करणारी पॅकेटं फाइलमध्ये नोंदवण्याची, सोय असते. एका बिघडलेल्या कॉलचा कॅप्चर घेऊन फोन सेवादात्याला पाठवा आणि नेमकं विचारा: आवाज तुम्ही कोणत्या पत्त्यावर पाठवताय, आणि एसीके कुठे अडकतोय?